धूसर फिल्मवरची ठळक माणसे : 'द गोल्डन एज ऑफ टेलिव्हिजन' हा संच

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर १९५० च्या दशकात दर आठवड्याला नवी नाटके होत असत, आणि ती ज्या क्षणी स्टुडिओत घडत त्याच क्षणी घराघरांत दिसत. मालिकेचे नाव कायम असे आणि प्रायोजकही कायम असे. कथा, पात्रे, नट आणि नेपथ्य मात्र आठवड्यागणिक बदले. क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर १९४७ मध्ये सुरू झाले, त्यामागोमाग फिल्को आणि गुडइयर यांच्या आलटून पालटून होणाऱ्या प्लेहाउस मालिका, स्टुडिओ वन, युनायटेड स्टेट्स स्टील अवर आणि १९५६ पासून दीड तासाची प्लेहाउस ९० अशी रीघ लागली. या ढिगातून निवडलेली १९५३ ते १९५८ या काळातील आठ नाटके क्रायटेरियन कलेक्शन या निवडक चित्रपटांच्या आवृत्त्या काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २००९ साली तीन डीव्हीडींच्या एका संचात प्रसिद्ध केली. हा संच मी आधी सलग आणि नंतर निवडक नाटके पुन्हा लावून, असा दोनदा पाहिला. त्यातली दोन-तीन नाटके आजही कोणत्याही निमित्ताशिवाय पाहावीत अशी आहेत, दोन केवळ अभ्यासापुरती आहेत, आणि उरलेली या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

निवड मुळात क्रायटेरियनची नाही. सॉनी फॉक्स या निर्मात्याने १९८१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी ही जुनी नाटके शोधून, प्रत्येकाला प्रास्ताविक आणि कलाकारांच्या मुलाखती जोडून पुन्हा दाखवली होती. तीच मालिका येथे डीव्हीडीवर आली आहे. त्यामुळे प्रत्येक नाटकाच्या आधी आपण दोन काळ ओलांडतो. आधी १९८१ सालचे रंगीत, जरा गोडसर निवेदन येते आणि मग १९५० च्या दशकातील करडा, थरथरता पडदा उघडतो. मुलाखती मोलाच्या आहेत, कारण त्या घेतल्या गेल्या तेव्हा त्या स्टुडिओंत घाम गाळलेली माणसे हयात होती आणि त्यांची स्मृती ताजी होती. मात्र माझा सल्ला असा की नाटक आधी पाहावे आणि प्रास्ताविक नंतर, कारण काही ठिकाणी त्यात कथेचे रहस्य आधीच उघडे पडते.

चित्राच्या दर्जाविषयी सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, नाहीतर खरेदी करणाऱ्याचा विरस होईल. हे सारे किनेस्कोप आहेत. म्हणजे स्टुडिओतील थेट प्रक्षेपण एका मॉनिटरवर दिसत असताना त्या मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेले हे चित्रीकरण आहे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळात तीन तासांचा फरक असल्यामुळे ही सोय करावी लागे. प्लेहाउस ९० चे नाटक लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संध्याकाळी होई, ते न्यूयॉर्कमध्ये रात्री दिसे, आणि दरम्यान प्रयोगशाळेतून गरमागरम बाहेर पडलेली फिल्म तीन तासांनी पश्चिमेकडच्या प्रेक्षकांना दाखवली जाई. धंद्यात तिला 'हॉट काइन' असे नावच पडले होते. एकदा दाखवून झाली की तिचे काम संपे. ती जपून ठेवावी असे फार थोड्यांना वाटले, आणि म्हणून जे उरले ते असे उरले आहे: कडा विरघळलेल्या, पांढऱ्या रंगाभोवती काळी प्रभावळ, चेहऱ्यावर ओरखडे. क्रायटेरियनच्या इतर प्रकाशनांतील झळझळीत चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाने ती अपेक्षा दाराबाहेर ठेवावी. जे मूळ फिल्मवर उमटलेच नाही ते कोणतेही संस्करण आणू शकत नाही.

मी पहिले नाटक, 'मार्टी', मोठ्या पडद्यावर लावले आणि दहा मिनिटांत कंटाळलो. दुसऱ्या दिवशी तेच लॅपटॉपच्या पडद्यावर, हाताच्या अंतरावर ठेवून पाहिले आणि जागचा हललो नाही. हा योगायोग नव्हता. त्या काळी बहुतेक घरांतला दूरचित्रवाणी संच सतरा किंवा एकवीस इंचांचा असे, दिग्दर्शकांना ते माहीत होते, आणि त्यांची सारी रचना त्या मापाची होती. पूर्ण आकृतीच्या दृश्यात माणूस अंगठ्याएवढा दिसणार, लढाई किंवा घोडदौड दाखवण्याचा प्रश्नच नाही, बाहेरचे चित्रीकरण जवळजवळ अशक्य. मग उरला तो चेहरा. चेहरा हीच त्यांची रंगभूमी झाली, आणि जी कथा चेहऱ्यावर मावेल तीच सांगायची असे ठरल्यावर राजे, सेनापती आणि खुनी मागे पडून खाटीक, कारकून आणि म्हातारे झालेले मुष्टियोद्धे पुढे आले. या संचाविषयी मला जे सांगायचे आहे ते बहुतांशी याच गोष्टीभोवती फिरते: जोवर पडदा, वेळ आणि पैसा तोकडा होता तोवर ही नाटके आपल्या मापात राहिली, आणि जसजशी ऐपत वाढली तसतसा आवाजही वाढला.

'मार्टी' हे २४ मे १९५३ रोजी एनबीसी या वाहिनीवर गुडइयर टेलिव्हिजन प्लेहाउसमध्ये झाले. लेखक पॅडी चायेफस्की, दिग्दर्शक डेल्बर्ट मान, निर्माता फ्रेड को. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला एक अविवाहित, जाडसर, इटालियन वंशाचा खाटीक. भावंडांची लग्ने झाली, आई रोज विचारते, गिऱ्हाईक बायकाही विचारतात. शनिवारची संध्याकाळ कशी घालवायची हा त्याच्यापुढचा आणि त्याच्या मित्रापुढचा प्रश्न. दोघे एकमेकांना तेच विचारत राहतात, आज काय करायचे, आणि तेच उत्तर देत राहतात, मला काय ठाऊक, तुला काय वाटते. हा संवाद कागदावर काहीच नाही. रॉड स्टायगर आणि जो मँटेल तो ज्या सुस्त चिडचिडीने बोलतात त्यात मात्र अनेक वर्षांचे शनिवार ऐकू येतात.

नंतर येतो तो टेलिफोनचा प्रसंग. महिन्याभरापूर्वी ओळख झालेल्या मुलीला मार्टी फोन करतो, तिने आपल्याला ओळखावे म्हणून आठवणी सांगतो, हळूहळू त्याच्या लक्षात येते की नकार आलेला आहे, आणि तो डोळे मिटून घेतो. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. कॅमेरा त्याच्याकडे सरकत जातो आणि स्टायगर तोंडाने नम्र शब्द बोलत असताना चेहऱ्याने अपमान गिळत असतो. येथे कट नाही, संगीताचा आधार नाही, आणि चुकले तर पुन्हा घेण्याची सोय नाही. आई नंतर त्याला निळा सूट घालून नाचाच्या हॉलमध्ये जा म्हणते तेव्हा त्याचा जो स्फोट होतो तो आपल्याला जड जातो याचे कारण हे आधीचे मिटलेले डोळे. त्या हॉलमध्ये मार्टीला भेटणाऱ्या क्लारा या शिक्षिकेचे काम नॅन्सी मर्चंडने केले आहे. ती जितकी कमी बोलते तितकी अधिक दिसते.

याच कथेचा १९५५ साली चित्रपट झाला, दिग्दर्शक डेल्बर्ट मानच होता, आई, मावशी आणि मित्र यांच्या भूमिकाही त्याच नटांनी केल्या, आणि मुख्य भूमिकेत अर्नेस्ट बोर्गनाइन आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर आणि कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक अशी त्याची कमाई आहे. चित्रपट चांगला आहे, पण बोर्गनाइनचा मार्टी आपल्याला आवडावा म्हणून बनवलेला आहे, आणि स्टायगरच्या मार्टीला आपल्या आवडीनिवडीशी काही देणेघेणे नाही. तो कधीकधी नकोसाही वाटतो, आणि म्हणूनच खरा वाटतो. चित्रपटात लांबी वाढवण्यासाठी भरलेले कौटुंबिक प्रसंग मूळ नाटकाच्या सुमारे पन्नास मिनिटांपुढे सैल पडतात.

'पॅटर्न्स' हे माझ्या मते या संचातील सर्वांत पक्के बांधलेले नाटक आहे. क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटरमध्ये १२ जानेवारी १९५५ रोजी ते झाले, त्यापूर्वी त्याचा लेखक रॉड सर्लिंग याने दूरचित्रवाणीसाठी बरेच लिहिले होते, पण नाव याच रात्रीने मिळाले. नाटकाची चर्चा इतकी झाली की ते पुन्हा दाखवावे अशी मागणी आली. आणि त्या काळी पुन्हा दाखवणे म्हणजे पुन्हा करणे, म्हणून ९ फेब्रुवारीला सारी मंडळी परत जमली आणि नाटकाचा दुसरा प्रयोगही थेट झाला. ज्या माध्यमात पहिला प्रयोग हाच शेवटचा असे, तेथे ही गोष्ट लहान नव्हती.

कथा एका मोठ्या कंपनीच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयात घडते. सिनसिनाटीहून फ्रेड स्टेपल्स या तरुण अधिकाऱ्याला आणले जाते. आपल्याला कशासाठी आणले हे त्याला हळूहळू कळते. अँडी स्लोन हा कंपनीत आयुष्य झिजवलेला वयस्क उपाध्यक्ष आता मालकाला नको आहे, पण त्याला काढून टाकण्याऐवजी त्याने स्वतःहून निघून जावे म्हणून मालक रॅम्झी बैठकीमागून बैठकीत त्याचा पाणउतारा करतो. रिचर्ड काइली, एड बेग्ली आणि एव्हरेट स्लोन यांनी या तीन भूमिका केल्या आहेत. एव्हरेट स्लोनचा आवाज हे या नाटकातले खरे शस्त्र आहे: तो ओरडत नाही, तो फक्त शब्द तासून टोकदार करतो, आणि टेबलाभोवतीची बाकी माणसे कागदांत नजर खुपसून बसतात. ज्याने कधी एखाद्या बैठकीत दुसऱ्याचा अपमान होताना गप्प बसून कागद चाळले असतील, त्याला हा प्रसंग पाहताना अवघडल्यासारखे होईल. सर्लिंग रॅम्झीला केवळ खलपुरुष करत नाही. त्याची बाजूही ऐकू येईल एवढी जागा देतो, आणि शेवटी स्टेपल्स राजीनामा देऊन स्वच्छ हातांनी बाहेर पडेल अशी आपली अपेक्षा असताना तो तिथेच राहतो. तो राहिला हे योग्य की अयोग्य, याचे उत्तर मला दोनदा पाहूनही ठरवता आलेले नाही. सर्लिंग स्वतः थोड्याच दिवसांपूर्वी सिनसिनाटीहून पूर्वेकडे आला होता, ही माहिती स्टेपल्सच्या अवघडलेपणाकडे पाहताना मनात राहते.

युनायटेड स्टेट्स स्टील अवरमधील तीन नाटके या संचात आहेत आणि त्यांची पातळी एकसारखी नाही. 'नो टाइम फॉर सार्जंट्स' (१५ मार्च १९५५) ही मॅक हायमनच्या कादंबरीवरून आयरा लेव्हिनने केलेली हलकीफुलकी सैनिकी गंमत. अँडी ग्रिफिथ हा खेड्यातून आलेला, वाटेल त्याला खरे समजणारा भोळा जवान थेट प्रेक्षकांकडे वळून आपली हकीकत सांगतो. स्टुडिओत प्रेक्षक बसलेले आहेत, ते मोठ्याने हसतात, आणि नेपथ्य नावापुरते आहे. ग्रिफिथचा उत्साह अस्सल आहे, हेच काम त्याने त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आणि १९५८ साली चित्रपटात केले, पण विनोद त्याच्या काळातच राहिला आहे. 'अ विंड फ्रॉम द साउथ' (१४ सप्टेंबर १९५५) ही आयर्लंडमधील एका खाणावळीत भावाच्या धाकात राहणाऱ्या तरुणीची आणि परक्या अमेरिकन पाहुण्याची कहाणी या संचातली सर्वांत अशक्त कडी आहे. जुली हॅरिससाठी ती पाहावी, इतर कशासाठी नाही.

'बँग द ड्रम स्लोली' (२६ सप्टेंबर १९५६) वेगळ्या वळणाचे आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. मार्क हॅरिसच्या बेसबॉलवरील कादंबरीचे हे रूपांतर अर्नल्ड शुलमनने केले आणि दिग्दर्शन डॅनियल पेट्रीने. संघातला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हेन्री विगन याला समजते की त्याचा मंदबुद्धी समजला जाणारा कॅचर, म्हणजे तो चेंडू झेलणारा, ब्रूस पिअरसन असाध्य आजाराने मरणार आहे, आणि हे गुपित तो हंगामभर सांभाळतो. स्टुडिओत मैदान आणता येत नाही. पेट्रीने ते आणण्याचा प्रयत्नच केला नाही. रिकाम्या जागेत प्रकाशाचा एक झोत, गर्दीचा आवाज, आणि विगनच्या भूमिकेतला एकतीस वर्षांचा पॉल न्यूमन एका पावलात प्रसंगातून बाहेर येऊन कॅमेऱ्याशी बोलतो आणि दुसऱ्या पावलात परत आत जातो. नाटकवाल्यांना ही युक्ती परिचित आहे, पण येथे तो बोलतो ते एका दिवाणखान्यात बसलेल्या दोन-तीन माणसांशी, आणि त्यामुळे निवेदनाला गप्पांचा सूर येतो. ब्रूसचे काम करणारा अल्बर्ट साल्मी आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. त्याचे हे काम पाहून तसे का व्हावे असा प्रश्न पडतो. न्यूमन येथे अजून घडतो आहे, हातांचे काय करावे हे त्याला कधीकधी कळत नाही, आणि थेट प्रक्षेपणात ते लपतही नाही.

'रेक्विएम फॉर अ हेवीवेट' हे ११ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे प्लेहाउस ९० सुरू होऊन दुसऱ्याच आठवड्यात झाले. लेखक पुन्हा सर्लिंग, दिग्दर्शक राल्फ नेल्सन. चौदा वर्षे रिंगणात मार खाल्लेला माउंटन मॅक्लिंटॉक याला डॉक्टर आता खेळू देत नाही. त्याला दुसरे काही येत नाही. त्याचा मॅनेजर मेश कर्जात बुडालेला आहे, आणि ते फेडण्यासाठी तो या अभिमानी माणसाला पोशाख चढवून नकली कुस्त्यांत उभे करू पाहतो. जॅक पॅलन्स स्वतः कधीकाळी मुष्टियोद्धा होता, आणि मॅक्स बेअर व मॅक्सी रोझेनब्लूम हे खरेखुरे माजी मुष्टियोद्धे येथे लहान भूमिकांत दिसतात. या चेहऱ्यांवर जे लिहिलेले आहे ते रंगभूषाकाराला जमले नसते. नोकरी मिळवून देणाऱ्या कार्यालयात पॅलन्स जेव्हा आपण एकेकाळी पाचव्या क्रमांकावर होतो हे सांगतो, तेव्हा त्या घोगऱ्या, चाचपडत येणाऱ्या वाक्यांत बढाई आणि लाज यांची अशी गुंतवळ होते की समोर बसलेल्या किम हंटरप्रमाणेच आपल्यालाही काय बोलावे ते सुचत नाही.

पण या नाटकात आणखी एक नाटक दडलेले आहे, आणि थेट प्रक्षेपण म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ते जाणून पाहावे. मेशचे काम कीनन विन करतो, आणि मुष्टियोद्ध्याचा साथीदार आर्मी याचे काम त्याचा खरा बाप एड विन. एड विन हा जुना विदूषकी नट. वेडगळ टोप्या आणि किरटा आवाज यांवर त्याने आयुष्य काढले होते, आणि गंभीर भूमिकेत तो वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी उतरत होता. तालमींत त्याला संवाद आठवत नसत. शेवटपर्यंत धीर न आल्यामुळे नेड ग्लास या नटाला त्याची भूमिका पाठ करून तयार ठेवले होते. कीननला हे माहीत होते. प्रत्यक्ष प्रक्षेपणात म्हातारा निभावून गेला, आणि नुसता निभावला नाही तर त्याच्या कारकिर्दीला त्या रात्रीपासून नवे वळण लागले. आता मेश आणि आर्मी यांचे प्रसंग पाहताना कीनन विनची नजर पाहावी. पात्राने सहकाऱ्यावर ठेवलेली नजर आणि मुलाने बापावर ठेवलेली नजर यांच्यातला फरक मला करता आला नाही. या हकिकतीवर राल्फ नेल्सनने पुढे १९६० साली एक स्वतंत्र दूरचित्रवाणी नाटकही केले, ज्यात बाप-लेकांनी स्वतःचीच भूमिका केली.

या नाटकाला दूरचित्रवाणीचे त्या वर्षीचे एमी पुरस्कार भरभरून मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. तरीही शेवटाविषयी माझी तक्रार आहे. गावी परतणारा माउंटन आगगाडीत एका लहान मुलाला मुष्टियुद्धाची पोझ शिकवतो, आणि एवढा वेळ ज्या माणसाला कोठेही दार उघडे नव्हते त्याच्यासाठी अचानक एक खिडकी उघडते. १९६२ च्या चित्रपटात, जेथे अँथनी क्विन ही भूमिका करतो, हा दिलासा काढून टाकलेला आहे आणि शेवट कितीतरी कडू आहे. 'मार्टी'च्या बाबतीत मी नाटकाच्या बाजूने आहे. येथे शेवटापुरता चित्रपटाच्या.

'द कॉमेडियन' (१४ फेब्रुवारी १९५७) पाहताना तंत्राने तोंडात बोट जाते. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दूरचित्रवाणीवरचा एक लोकप्रिय, निर्दयी विनोदवीर सॅमी होगार्थ नव्वद मिनिटांच्या थेट कार्यक्रमाची तयारी करत आहे, म्हणजे नव्वद मिनिटांच्या थेट कार्यक्रमात नव्वद मिनिटांचा थेट कार्यक्रम. कॅमेरे माणसांमधून वाट काढत धावतात, नियंत्रण-कक्षातले पडदे दिसतात, संवाद एकमेकांवर चढतात. मिकी रूनीची ऊर्जा भयावह आहे, आणि भावाच्या थट्टेचा कायमचा विषय झालेल्या लेस्टरच्या भूमिकेत गायक मेल टॉर्मे अनपेक्षितपणे प्रभावी आहे. परंतु अर्ध्या तासानंतर मला दम लागला. सगळे जण सगळा वेळ टिपेला असतात. युद्धात मेलेल्या लेखकाचे लेखन चोरणाऱ्या सॅमीच्या लेखकाची, ॲल प्रेस्टनची, म्हणजे एडमंड ओब्रायनची, व्यथा या गदारोळात नीट ऐकूच येत नाही. मी वर म्हटलेला वाढता आवाज तो हाच.

'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' (२ ऑक्टोबर १९५८) पुन्हा फ्रँकनहायमरचे, पण येथे त्याला आवरणारे काहीतरी आहे, आणि ते म्हणजे जे. पी. मिलरचे लेखन. दारूच्या आहारी गेलेले एक तरुण जोडपे. नवरा मदत मागण्यापर्यंत पोहोचतो, बायको पोहोचत नाही. व्यसनमुक्तीच्या सभेत नवरा उभा राहून बोलतो आणि तेथून कथा मागे जाते. क्लिफ रॉबर्टसन चोख आहे. पायपर लॉरी त्याहून अधिक काही आहे. तिची घसरण कोणत्या प्रसंगात सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही, इतकी ती संथ आणि अटळ आहे. चार्ल्स बिकफर्डने तिच्या अबोल बापाचे काम येथे आणि १९६२ च्या चित्रपटातही केले. चित्रपटातले जॅक लेमन आणि ली रेमिक अधिक प्रसिद्ध झाले, पण लेमनच्या मागे त्याची विनोदी प्रतिमा सतत उभी असते. रॉबर्टसनच्या मागे काहीच नाही, आणि त्याच्या पात्राला तेच शोभते.

संचात जे नाही त्याविषयीही बोलले पाहिजे. आठ नाटकांत एकही लेखिका नाही, आणि महत्त्वाच्या भूमिकेत एकही कृष्णवर्णीय नट नाही. हा निवडकर्त्यांचा दोष काही अंशी असेल, पण मोठा भाग त्या व्यवस्थेचा आहे. पैसा प्रायोजकाचा होता आणि त्याला कोणताही ग्राहक दुखवायचा नव्हता. मिसिसिपीत १९५५ साली एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली; त्यावरून सर्लिंगने स्टील अवरसाठी 'नून ऑन डूम्सडे' लिहिले, तेव्हा घटनास्थळ दक्षिणेतून उचलून लांब उत्तरेकडे नेण्यात आले, मृत व्यक्ती कुणी अनामिक परदेशी झाली, आणि दक्षिणेची आठवण नको म्हणून कोका-कोलाची बाटलीसुद्धा दृश्यातून गेली. रेजिनल्ड रोझच्या 'थंडर ऑन सिकॅमोर स्ट्रीट' (१९५४) मध्ये शेजाऱ्यांना नको असलेले कृष्णवर्णीय कुटुंब बदलून सुटून आलेल्या कैद्याचे करावे लागले. प्लेहाउस ९० वर १९५९ साली न्युरेम्बर्ग खटल्यावरील नाटक झाले, प्रायोजकांत गॅस कंपन्यांची संघटना होती, आणि छळछावण्यांच्या संदर्भातला 'गॅस' हा शब्द आला की प्रक्षेपणातला आवाज बंद करण्यात आला. सर्लिंग त्याच वर्षी 'ट्वायलाइट झोन' या अद्भुत कथांच्या मालिकेकडे वळला आणि परग्रहवासीयांच्या तोंडी ते घालू लागला जे माणसांच्या तोंडी घालू दिले जात नव्हते, हे या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. सिडनी पॉइटिये असलेले 'अ मॅन इज टेन फीट टॉल' (१९५५) फिल्को प्लेहाउसमध्ये झाले होते. आयरिश खाणावळीच्या जागी ते असते तर संच कितीतरी वजनदार झाला असता. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक नाटकाची ओळख आणि पेली सेंटर या दूरचित्रवाणीच्या संग्रहालयाच्या रॉन सायमन यांचे टिपण आहे.

दिग्दर्शकांच्या भाष्याचे ध्वनिमुद्रण मान, पेट्री, नेल्सन आणि फ्रँकनहायमर यांच्या नाटकांवर आहे. 'पॅटर्न्स'चा दिग्दर्शक फील्डर कुक मात्र तेथे नाही, आणि नेमके त्याच नाटकाच्या बैठकीच्या प्रसंगाविषयी मला विचारायचे होते. डीव्हीडीच्या चकत्या प्रदेश १, म्हणजे मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा, यासाठीच्या आहेत, तेव्हा सर्व प्रदेशांच्या चकत्या वाजवणारा प्लेअर नसेल तर आधी त्याची व्यवस्था करावी. क्रमाने पाहण्याची सक्ती नाही: 'पॅटर्न्स'पासून सुरुवात करावी, मग 'मार्टी', 'रेक्विएम', 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' आणि 'बँग द ड्रम स्लोली', बाकीची तीन सवडीने. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चे १९५४ चे मूळ प्रक्षेपण या संचात शोधणाऱ्याची निराशा होईल. ते स्टुडिओ वनचे होते, त्याचा संपूर्ण किनेस्कोप २००३ साली हाती लागला, आणि तो स्टुडिओ वनच्या २००८ साली आलेल्या स्वतंत्र संचात आहे.